उजवा गुडघा : घरच्या व्यायामाची नोंदवही

९ जून २०२४, रविवार

काल दुपारी हिला घरी आणलं. उजव्या गुडघ्याचं सांधेरोपण ३ तारखेला झालं. आमचा दुसरा मजला, लिफ्ट नाही, ३४ पायऱ्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हे हॉस्पिटलात पाठ करून घेतलं होतं. तरी अठराव्या पायरीवर ही थांबली आणि म्हणाली, "चांगला कुठला तेच कळेना, दोन्ही सारखेच बोंबलतायत." शेजाऱ्यांनी मधल्या जागेत खुर्ची आणून ठेवली. एकूण २२ मिनिटं.

वही ही माझी खोड. अंबडला एमआयडीसीत ३१ वर्षं इन्स्पेक्शनला काढली. वस्तू, आमच्या भाषेत जॉब, हातात आली की मोजायची आणि लिहायची. "मी काय तुमचा जॉब आहे मोजायला?" असं ही म्हणाली. म्हटलं, आहेस. रीवर्क होऊन आलेला.

हॉस्पिटलच्या कागदावर चार व्यायाम आहेत. घोटा वर-खाली करणं. गुडघ्याच्या लवणीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणं. टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवणं. आणि पाय सरळ ठेवून उचलणं. प्रत्येकी १०, दिवसातून तीनदा. चित्रं आहेत, पण चित्रातल्या माणसाला दुखत नाही.

घरात केलेले बदल : हॉलमधली सतरंजी आणि दारातलं पायपुसणं उचललं. कमोडवर उंची वाढवायची बैठक बसवली. हिने रात्री गुडघ्याखाली उशी घेतली होती, ती काढली. त्याने बरं वाटतं, पण गुडघा वाकलेल्याच स्थितीत आखडतो आणि मग पूर्ण सरळ होत नाही. उशी घ्यायचीच तर टाचेखाली. कपाटावर लाल पेनने लिहून ठेवलं आहे : पोटरी अचानक सुजली, दुखली, गरम लागली, किंवा दम लागला, छातीत दुखलं, तर व्यायाम नाही, थेट डॉक्टर.

११ जून, मंगळवार

फिजिओ मॅडम पहिल्यांदा आल्या. आमच्या लेकीपेक्षा लहान असतील. मंगळवार-शुक्रवार येणार. गुडघा ६८ अंश वाकतो आणि सरळ करताना ८ अंश कमी पडतो, असं त्यांनी मोजून सांगितलं. त्यांचं माप प्लास्टिकचं, दोन पट्ट्यांचं. मी उत्साहाने पेटीतला बेव्हल प्रोट्रॅक्टर काढून आणला. पाच मिनिटांपर्यंत कोन दाखवतो, अंशाचा बारावा भाग. मॅडम हसल्या. "काका, गुडघा लोखंडाचा नाही. दोन जणांनी मोजलं तर पाच अंशांचा फरक सहज येतो. माप बारीक असण्यापेक्षा दर वेळी त्याच जागेवरून घ्या." मग जागा दाखवल्या : खुब्याचं बाहेर हाताला लागतं ते हाड, गुडघ्याच्या बाहेरचा उंचवटा, आणि बाहेरचा घोटा. तीन ठिकाणी बॉलपेनने ठिपके दिले. डेटम, म्हणजे जिथून मोजायचं ती पक्की जागा, ठरला म्हणायचं.

खालच्या मजल्यावरच्या काकू मधेच डोकावून गेल्या. "करंट नाही लावत का? शेक तरी?" आमच्याकडे फिजिओ म्हणजे मशीन, अशीच समजूत. मॅडम शांतपणे म्हणाल्या की शेक आत्ता नाहीच, बर्फ. फडक्यात गुंडाळून १५ मिनिटं, पाय उंचावर. आणि मांडीतली ताकद नुसती करंटची वायर जोडून परत येत नाही, ती काकूंनाच आणावी लागेल. अशा ऑपरेशननंतर महिनाभरात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद अर्ध्याहूनही खाली येते.

१३ जून

घोटा ३०, टॉवेल ३०, टाच ३०, पाय उचलणे ३०. सगळ्यांवर बरोबरची खूण.

१५ जून, शनिवार

दोन्ही मांड्यांचा घेर घेतला, गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटिमीटरवर. डावी ४६, उजवी ४७.५. उजवी जास्त! सकाळी लेकीला फोनवर सांगूनही टाकलं की आईची मांडी भरतेय. पाय उचलणे ३०, खूण.

१८ जून, मंगळवार

आज सगळं उलटं झालं. सविस्तर लिहितो.

काल टाके काढले, जखम छान सुकली आहे, म्हणून आज मॅडमसमोर ऐटीत वही उघडली. नऊ दिवस, एकही खाडा नाही. मॅडमनी वही पाहिली, बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "काकू, एकदा पाय उचलून दाखवा."

हिने उचलला. मॅडमनी हात पुढे करून पाय हवेतच थांबवला आणि मला म्हणाल्या, "काका, आता मोजा." गुडघ्यात २० अंशांची घडी! मॅडमनी टाच हातात धरून अलगद सरळ केला तर फक्त ५ कमी पडत होते. म्हणजे सांधा सरळ व्हायला तयार आहे, पण स्वतःच्या ताकदीने हिला तो सरळ ठेवता येत नाही. मधले १५ अंश ही स्नायूची कसर. यापुढे वहीत घडी म्हणजे हीच. पाय वर जात होता तो खुब्याच्या जोरावर. मांडीचा पुढचा स्नायू, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो जवळजवळ झोपलेला.

आणखी चुका एकापाठोपाठ एक निघाल्या. डावा पाय सरळ पडलेला, त्यामुळे कंबर उचलली जात होती. डावा गुडघा वाकवून तळवा गादीवर हवा. उजव्या पायाची बोटं खाली झुकलेली, ती आपल्याकडे ओढलेली हवीत. पाय इतका वर नेत होती की बस्स. डाव्या वाकवलेल्या गुडघ्याच्या उंचीपर्यंत पुरे. खाली येताना पाय धप्पकन सोडत होती, निम्मा व्यायाम तर उतरतानाच असतो. आणि श्वास रोखलेला. हिला रक्तदाबाची गोळी चालू आहे, श्वास रोखून जोर लावणं तिला मुळीच चालणार नाही. मोठ्याने आकडे मोजायचे, आकडा बोलला की श्वास आपोआप सुटतो.

मी नऊ दिवस काय करत होतो? समोर बसून मोबाइलवर पाच सेकंदं मोजत होतो. डोळे घड्याळावर. पायाकडे बघितलंच नाही. कारखान्यात कोणी जॉब न बघता शिक्का मारला असता तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

मांडीच्या वाढलेल्या घेराचंही सांगितलं. मॅडम म्हणाल्या ती सूज आहे. स्नायू उलट बारीक झालाय, वर पाणी चढलंय म्हणून टेपला मोठा दिसतो. सांध्यात थोडं जरी पाणी असलं तरी शरीर त्या सांध्याचा स्नायू आवरून धरतं, तो पूर्ण जोराने काम करत नाही. म्हणून बर्फ आणि पाय उंच ठेवणं हाही व्यायामाचाच भाग. लेकीला परत फोन करावा लागला.

निर्णय : पाय उचलणं बंद. घडी १५ वरून ५ च्या आत येईपर्यंत फक्त टॉवेल.

२१ जून, शुक्रवार

तीन दिवस टॉवेल. वरवर पाहता यात काहीच नाही. पाय सरळ, लवणीखाली गुंडाळी, गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे, सोडायचा. पण "दाब" म्हटलं की ही ढुंगण आवळते आणि टाच गादीत रुतवते. टॉवेल दाबला जातो, मांडी मऊच. म्हणजे याही व्यायामात खोटी खूण मारता येते.

मॅडमनी आज दुसरी वाट काढली. "काकू, आधी डावी. हात मांडीवर ठेवा, गुडघ्याच्या वाटीच्या चार बोटं वर, आतल्या बाजूला. आता दाबायचं मनात आणू नका. वाटी मांडीकडे वर ओढायची." डावी वाटी बोटभर वर सरकली आणि हाताखालचं मांस एकदम टणक झालं. मग तोच हात उजवीवर. पहिल्या सात-आठ वेळा काही नाही, मळलेली कणीक. नवव्यांदा आतल्या बाजूला एक थरथर आली, मासळी वळवळावी तशी. ही ओरडली, "आली, आली!" मी हात लावेपर्यंत गेली. परत आली.

त्या एका थरथरीसाठी पंचवीस मिनिटं. आजच्या खुणा तीनच. पण खऱ्या.

आता पास-नापास असं ठरलं आहे : टॉवेलचं टोक माझ्या हातात. ही वाटी वर ओढून गुडघा दाबते आणि मी टॉवेल ओढतो. निघाला तर नापास. याहून चांगलं गो-नो गो गेज मी आयुष्यात वापरलेलं नाही, आणि हे पंचवीस रुपयांचं, तेही जुनं.

२५ जून, मंगळवार

घडी ८ अंश. टॉवेल दहात सात वेळा निघत नाही. वाकणं ८८. आज नवा व्यायाम : गुडघ्याखाली जाड गुंडाळी, म्हणजे मी दोन उशा चादरीत बांधून केली, आणि तिच्यावर मांडी टेकलेली ठेवून फक्त टाच उचलून गुडघा सरळ करायचा. शेवटचे दहा-पंधरा अंश सगळ्यात जड जातात आणि तिथेच आम्ही मार खातोय. मॅडमची ताकीद : मांडी गुंडाळीवरून उठली की तो व्यायाम मोजायचा नाही. सरळ झाल्यावर पाच आकडे थांबायचं, उतरताना तीन आकड्यांत सावकाश.

सकाळी केलेलं बरं पडतं असं दिसतंय. संध्याकाळी सूज चढलेली असते, मालिकाही चालू असते.

२९ जून, शनिवार

रात्री टी-२० विश्वचषकाची फायनल. ही लाकडी खुर्चीत, उशीवर बसून, पायाला बर्फ. शेवटच्या षटकाचा पहिला चेंडू, मिलरने उंच मारला, आणि सूर्यकुमारने सीमारेषेवर तो आत-बाहेर करून झेलला. ही हात न टेकवता खुर्चीतून उभी! बर्फाची पिशवी जमिनीवर, वॉकर बाजूलाच. दोन सेकंदांनी हिच्या लक्षात आलं आणि घाबरून पुन्हा बसली.

ऑपरेशनचा २६ वा दिवस, हात न लावता उठणं : १. कुठल्या पायावर भार देऊन उठली ते नोंदवता आलं नाही. मी पण टीव्हीच बघत होतो.

२ जुलै, मंगळवार

तोच प्रश्न तीन दिवस डोक्यात. उठते खरी, पण कुठल्या पायाने?

आमचा वजनकाटा काट्याचाच, जुना. शेजाऱ्यांकडेही तसाच. दोन्ही एकाच माणसाने तपासले : मी. आमच्यावर ७१, त्यांच्यावर ७१.५. चालेल. दोन्ही काटे खुर्चीपुढे ठेवले, एकेका पायाखाली एक. काट्यांमुळे पाय पाच सेंटिमीटर वर आले, म्हणजे खुर्ची तितकीच बुटकी झाली. म्हणून तेवढ्या जाडीची उशी वाढवली. खुर्ची भिंतीला टेकवलेली, कारण मागे सरकली तर संपलंच. प्लास्टिकची खुर्ची या कामाला वापरायची नाही, फरशीवर घसरते. समोर वॉकर, मी बाजूला.

नुसती उभी असताना : डावा ४०, उजवा २८. उठताना काटे उड्या मारतात, तरी तीनदा बघितलं. डावा ४७ च्या आसपास जातो, उजवा २० च्या वर चढत नाही.

मॅडम आल्यावर त्यांना दाखवलं. आधी वॉकर कुठे होता ते विचारलं, मग म्हणाल्या, "रोज नका करू, आठवड्यातून एकदा. पण काका, हे आवडलं मला." उपाय साधा निघाला. उजवं पाऊल थोडं मागे, खुर्चीखाली घ्यायचं, डावं थोडं पुढे. मग उजव्याला काम करावंच लागतं. नाक पायाच्या अंगठ्यांच्या रेषेपर्यंत पुढे न्यायचं आणि मग उठायचं. बसताना चार आकडे मोजत बसायचं, खुर्चीत कोसळायचं नाही. गुडघा आत झुकू द्यायचा नाही. आमचा सोफा ३८ सेंटिमीटर उंच, त्यावर बसायला बंदी. लाकडी खुर्ची ४३, तीवर दोन इंची उशी घालून सुरुवात, मग उशी काढायची.

३ जुलै

घडी शून्य! पाय उचलला, गुडघा काठीसारखा सरळ. ३० वेळा, सगळे पास. मला फार आनंद झाला आणि पुढचा गोंधळ तिथूनच सुरू झाला.

५ ते ७ जुलै

ही नोंद माझ्या नावावर.

गुरुवारी मी ठरवलं की आता वजन हवं. एक किलो मिठाची पिशवी ओढणीत गुंडाळून घोट्यावर बांधली. शिवाय ३० चे ६० केले. शिवाय खुर्चीची उशीही काढली. हिने केलं सगळं, कुरकुर न करता. संध्याकाळी बरीही होती.

रात्री अडीच वाजता कण्हण्याने जाग आली. सकाळी गुडघा गरम, चकचकीत. वाटीवरून घेर बुधवारी ४० होता, शुक्रवारी ४१.५. टॉवेल ओढला तर दहाच्या दहा वेळा निघाला. सूज आली की स्नायू माघार घेतो, हे मॅडमनी सांगितलं होतंच. ते आता टॉवेलने सांगितलं.

मॅडमनी मला चांगलं फैलावर घेतलं, पण आवाज न चढवता. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कुठल्या गोष्टीने बिघडलं ते कसं कळणार? या प्रश्नावर मी काय बोलणार, हाच प्रश्न मी लोकांना विचारत आलो. त्यांचा हिशोब असा : व्यायाम करताना दहापैकी तीन-चार इतकं दुखलं तर चालतं. मांडीत ओढ लागणं, दोन दिवस अंग आंबणं हेही चालतं. पण सांध्यातलं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसाइतकंच उतरलेलं पाहिजे. नाही उतरलं तर डोस जास्त झाला. म्हणून वहीत नवा रकाना : सकाळचा गुडघा.

दोन दिवस बर्फ, घोटा आणि हलका टॉवेल. वजन पुन्हा सुरू करायचं ते पाव किलोने. माझ्या जुन्या मोज्यात तांदूळ भरून शिवून दिलं.

"मीठ चवीपुरतं असतं, अहो," असं ही म्हणाली. दिवसभरात चार वेळा म्हणाली.

९ जुलै

दहाच का, हे मी विचारायचं राहिलं होतं. आज विचारलं. थॉमस डीलॉर्म नावाचा अमेरिकन लष्करी डॉक्टर होता. दुसऱ्या महायुद्धात गुडघे निकामी झालेले सैनिक शिकागोच्या हॉस्पिटलात महिनोन् महिने पडून असत. याला स्वतःला वजनं उचलायचा नाद, त्याने त्यांना जड वजनं कमी वेळा उचलायला लावली. १९४५ मध्ये त्यावर लिहिलं. आधी दहा-दहाच्या सात ते दहा फेऱ्या घेई, पुढे तीनच पुरतात असं त्याला दिसलं. मुद्दा दहाचा नाही. शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत, हा आहे. दहाही लीलया झाले तर स्नायूला काही सांगितलंच नाही. आणि सातव्यालाच घडी पडली तर सातवरच थांबायचं. आमच्या तिथे याला टॉलरन्सबाहेर गेलं म्हणत.

१७ जुलै, बुधवार, आषाढी

वॉकर सुटून काठी आली. काठी डाव्या हातात, दुखऱ्या पायाच्या उलट बाजूला. बघणारा प्रत्येक जण "अगं, दुसऱ्या हातात धर" असं सांगून जातो. ही आता त्यांना समजावायच्या फंदात पडत नाही.

टाचा उचलणं स्वयंपाकघरात हलवलं आहे. ओट्याला हात टेकवून दोन्ही टाचा वर, दोन आकडे थांबून सावकाश खाली. दूध वर येईपर्यंत साधारण वीस होतात. आज साबुदाणा परतताना बारा. इथेही पळवाट निघालीच : पोट ओट्यावर रेलून टाचा उचलल्या तर भार ओटाच घेतो. ओटा आणि पोट यांत तळहात मावेल इतकं अंतर.

कुशीवरचा व्यायाम जास्त फसवा. डाव्या कुशीवर झोपून उजवा पाय सरळ वर, खुब्याच्या बाजूच्या स्नायूसाठी. चालताना कंबर एका बाजूला पडते ती त्याच्या कमजोरीने. ही पाय उचलताना हळूच पाठीवर कलते आणि पाय पुढे येतो, मग दुसराच स्नायू काम करतो आणि पाय मात्र भरपूर वर गेलेला दिसतो. मॅडमनी पलंग भिंतीला लावायला सांगितला. पाठ, ढुंगण आणि टाच भिंतीला चिकटलेली. टाच भिंतीवरूनच घासत वर न्यायची, बोटं छताकडे नाही, समोर. भिंतीवर ती जेमतेम एक वीत चढते. ही म्हणाली, "काल दोन विती जात होता." गेला असेल, दुसऱ्याच्या खांद्यावरून.

भिंतीच्या रंगावर टाचेचा काळा ओरखडा उठला आहे. पुसायचा नाही असं ठरवलं. तोच आलेख.

३० जुलै, मंगळवार

वाकणं ११०, सरळ २ कमी. मोज्यात आता अर्धा किलो. सकाळचा गुडघा गेले बारा दिवस ठीक.

पायरी चढायचा सराव पाटावर. देवघरातला सागवानी पाट, ६ सेंटिमीटर. खाली रबरी मॅट, एक बाजू भिंतीला, हात खिडकीच्या गजाला. उजवा पाय पाटावर, डावा जमिनीवरून उचलून वर. डाव्या पायाने जमिनीला धक्का दिला की उजव्याचं काम चोरलं जातं. म्हणून डाव्या पायाची बोटं उचललेली ठेवायची, नुसती टाच टेकलेली. तसं केल्यावर दहा होत होते तिथे चार झाले. उजवा गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. समोर आरसा ठेवला, पाटावर खडूने रेघ मारली. ही आता स्वतःच म्हणते, "हा नको धरू, आत गेला." मला वहीत फक्त आकडा लिहायचं काम उरलं आहे.

आमच्या जिन्याची पायरी १७ सेंटिमीटर. एकावर एक पाट ठेवायचा विचार मी बोलून दाखवला. दोघींनी एकदम नाही म्हटलं.

१४ ऑगस्ट

दोन काट्यांची चाचणी. उठताना डावा ३८, उजवा २९. उशीशिवाय.

८ सप्टेंबर, रविवार

काल बाप्पा आले. यंदा हिने उकडीच्या मोदकांची पारी टेबलापाशी खुर्चीत बसून केली, जमिनीवर बसायची हौस या जन्मापुरती संपली असं म्हणते. आरतीला पूर्ण वेळ उभी होती.

आज जागतिक फिजिओथेरपी दिन. मॅडम प्रसादाला आल्या तेव्हा त्यांच्याकडूनच कळलं, १९९६ पासून पाळतात. त्यांना मोदक दिले आणि हिने चाचणीही देऊन टाकली : ४३ सेंटिमीटरची खुर्ची, हात छातीवर आडवे, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठणं. ६० ते ६४ वयाच्या बाईला १२ च्या खाली आले तर सरासरीहून कमी धरतात. ही ६४ ची. ९ जुलैला ५ होते, १४ ऑगस्टला ९. आज ११, आणि बारावं अर्धवट. मी बारा लिहायला पेन उचललं होतं.

"अर्धवट आहे ते," हीच म्हणाली. "खोडा."

मांडीचा घेर : उजवी ४४.५. जूनमधल्यापेक्षा तीन सेंटिमीटर कमी, आणि या वेळी मी लेकीला फोन करून ते आनंदाने सांगितलं.

१७ सप्टेंबर, मंगळवार, अनंत चतुर्दशी

गौरींच्या तीन दिवसांत उभं राहणं फार झालं. उजवा ठीक आहे. डावा कुरकुरतो आहे. त्याचीही झीज आहे हे एक्स-रेमध्ये आधीच दिसलं होतं, आणि तीन महिने जास्तीचा भार यानेच ओढला. वाटीभोवती थोडी सूज. मॅडम म्हणाल्या की घाबरायचं नाही, पण आत्तापासूनच त्याची मांडी तयार करायची. पुढेमागे ऑपरेशन लागलंच तर तयार मांडी घेऊन जाणं केव्हाही चांगलं. वहीचं पान उलटून नवा मथळा घातला : डावा.

मिरवणुकीचे ढोल खालून ऐकू येत होते. ही पलंगावर, डाव्या लवणीखाली तोच जुना टॉवेल. याच डाव्या मांडीवर हात ठेवून ही जूनमध्ये टणक म्हणजे काय ते शिकली होती. वाटी वर ओढली, पाच आकडे मोठ्याने.

"ओढा," म्हणाली.

टॉवेल सहज निघाला.